राखून ठेवलेले कागद : राजकन्या मारी बोनापार्ट आणि मनोविश्लेषण

मनोविश्लेषणाच्या इतिहासात मारी बोनापार्ट (१८८२–१९६२) या फ्रेंच राजकन्येचे नाव बहुधा दोनच कारणांनी घेतले जाते. नाझींनी ऑस्ट्रिया घशात घातल्यावर सिग्मंड फ्रॉइडला व्हिएन्नाबाहेर काढण्यात तिने पुढाकार घेतला हे एक, आणि या नव्या शास्त्राच्या संस्था, नियतकालिके व प्रकाशने तिच्या पैशावर तगून राहिली हे दुसरे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्यांमुळे श्रीमंत आश्रयदातीची जी प्रतिमा तयार होते तिच्याआड, रुग्ण म्हणून आलेली, पुढे स्वतः विश्लेषक झालेली, भरपूर लिहिणारी आणि त्यातले बरेचसे चुकलेली अशी एक बुद्धिमान स्त्री झाकली जाते. तिचे ग्रंथ आज फार थोडे वाचले जातात. पण लिहिलेला कागद नष्ट होऊ द्यायचा नाही, हा जो हट्ट तिने जन्मभर धरला आणि प्रसंगी प्रत्यक्ष फ्रॉइडसमोरही सोडला नाही, त्याचे ऋण या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकावर आहे.

माणसाला स्वतःच्या मनाचा जेवढा भाग जाणवतो त्याहून मोठा भाग त्याच्या नेणिवेत असतो, नकोशा इच्छा आणि आठवणी तिथे दडपल्या जातात, आणि त्या स्वप्नांतून, बोलण्यातल्या चुकांतून किंवा शारीरिक कारण न सापडणाऱ्या दुखण्यांतून डोके वर काढतात, अशी फ्रॉइडची मांडणी होती. उपचारात रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते काटछाट न करता बोलत जायचे, ज्याला मुक्त साहचर्य म्हणतात, आणि विश्लेषकाने त्याच्या नजरेआड बसून ऐकायचे व त्या बोलण्यातले गुंतलेले धागे सोडवायचे, असे हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. घराण्यात ज्या गोष्टींविषयी बोलायचे नसते नेमक्या त्याच बोलायला लावणारी ही पद्धत एका राजघराण्यातल्या स्त्रीने आपलीशी करावी, यातले अप्रूप कळायला ते घराणे पाहावे लागते.

मारीचा पणजोबा ल्यूसियाँ हा सम्राट नेपोलियनचा धाकटा भाऊ. पण भावाभावांचे पटले नाही आणि ही शाखा गादीच्या वारसाहक्काबाहेर राहिली. आजोबा पिएर हा तापट माणूस होता. १० जानेवारी १८७० रोजी त्याने व्हिक्टर न्वार या तरुण पत्रकाराला आपल्याच घरात गोळी घालून ठार केले, खटल्यात तो निर्दोष सुटला, आणि न्वारच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या प्रचंड जमावाने फ्रान्सच्या दुसऱ्या साम्राज्याच्या शेवटच्या वर्षाची नांदी केली. पिएरचा मुलगा रोलाँ याने तलवारीऐवजी विद्येचा मार्ग धरला. भूगोल, मानववंशशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे त्याचे विषय होते, आणि या विद्याव्यासंगाला लागणारा पैसा त्याने लग्नातून मिळवला. त्याची पत्नी मारी-फेलिक्स ही, मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोला जगप्रसिद्ध करणाऱ्या फ्रान्स्वा ब्लाँ याची मुलगी होती. सम्राटाचे नाव आणि जुगाराचा पैसा यांच्या या सोयरिकीतून २ जुलै १८८२ रोजी पॅरिसजवळच्या सँ-क्लू येथे मारीचा जन्म झाला, आणि महिन्याभरातच, १ ऑगस्टला, तिची बावीस वर्षांची आई वारली. आईची संपत्ती हाती यावी म्हणून सासरच्यांनीच तिचा काटा काढला, अशी कुजबुज नोकरचाकरांत चालत असे. तिला पुरावा काही नव्हता, पण मुलीच्या कानावर ती गेली आणि मनात घर करून राहिली.

वडील आपल्या संग्रहांत आणि प्रवासांत गढलेले, आजी करारी आणि कोरडी, आणि मुलीच्या प्रकृतीची धास्ती एवढी की तिला इतर मुलांत मिसळूही दिले जात नसे. रोलाँचा वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह जगातल्या मोठ्या खासगी संग्रहांत गणला जाई आणि तो आज लियाँच्या विद्यापीठात आहे; पॅरिसमध्ये त्याने बांधलेल्या प्रासादात आता एक पंचतारांकित हॉटेल चालते. दूरदेशीच्या लोकांची समोरून आणि बाजूने छायाचित्रे काढून त्यांच्या शरीरांची मोजमापे नोंदवण्याचा त्याला छंद होता. तो त्या काळच्या मानववंशशास्त्राला धरूनच होता, पण मुलीच्या पुढच्या आयुष्यात मोजपट्टी पुन्हा येणार असल्याने त्याची नोंद घेणे भाग आहे.

साधारण सात ते दहा वर्षांच्या वयात मारीने पाच लहान वह्या लिहून काढल्या. त्या फ्रेंचमध्ये नव्हत्या. इंग्रजी आणि जर्मन शिकवणाऱ्या गव्हर्नेसमुळे तिला या भाषा येत होत्या आणि आजीला व दाईला त्या वाचता येणार नाहीत, ही सोय त्यात होती. वह्यांत विचित्र, अर्ध्या कळणाऱ्या गोष्टी होत्या, आणि लिहिणारी मुलगी पुढे त्या साफ विसरून गेली. लिहिलेल्या कागदाशी तिचा दुसरा संबंध याहून कडवट होता. सोळाव्या वर्षी ती वडिलांच्या विवाहित कॉर्सिकन सचिवाच्या प्रेमात पडली, तिने त्याला पत्रे लिहिली, आणि ती पत्रे उघड करण्याची धमकी देऊन त्याने पुढची काही वर्षे तिच्याकडून पैसे उकळले. वैद्यकीचे शिक्षण घेण्याची तिची इच्छा घरात मान्य झाली नाही. डॉक्टर झालेल्या मुलीला स्थळ कुठून मिळणार, हा वडिलांचा सवाल तेव्हाच्या युरोपातही तितकाच ठरीव होता.

स्थळ मिळाले ते राजघराण्यातले. ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज याचा दुसरा मुलगा राजपुत्र जॉर्ज याच्याशी १९०७ मध्ये तिचा विवाह झाला, आधी पॅरिसमध्ये नोंदणी पद्धतीने आणि मग अथेन्समध्ये धर्मविधीने. पीटर आणि युजेनी ही दोन मुले झाली आणि विवाह पन्नास वर्षे टिकला. पण नवऱ्याचा जीव आयुष्यभर डेन्मार्कचा राजपुत्र वाल्डेमार या आपल्या काकात गुंतलेला होता आणि पतिपत्नींत जवळीक अशी कधी निर्माणच झाली नाही. मारीने ती अन्यत्र शोधली. अनेकदा फ्रान्सचा पंतप्रधान झालेला आरिस्टिड ब्रियाँ हा काही वर्षे तिच्या अगदी निकटचा होता. ग्रीसच्या राजघराण्याला देश सोडावा लागल्यावर तिच्या धाकट्या दिराचे कुटुंब सँ-क्लूमध्ये तिच्याच घरात राहिले, आणि त्या कुटुंबातला लहानगा मुलगा म्हणजे पुढे ब्रिटनच्या राणीचा पती झालेला फिलिप.

मारीला वैद्यकीची पदवी नव्हती, पण डॉक्टरांशी तिची ओळख दांडगी होती, आणि १९२४ मध्ये ब्रुसेल्सच्या एका वैद्यकीय नियतकालिकात ए. ई. नार्जानी या टोपणनावाने तिचा एक निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता स्त्रियांमधल्या कामशैत्याची शारीरिक कारणे. संभोगात स्त्रीला सुखाची परमावधी न लाभणे याला तेव्हा कामशैत्य म्हणत. निबंधात २४३ स्त्रियांच्या शरीराची मोजमापे आधाराला घेतली होती. स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियातला सर्वांत संवेदनशील अवयव, म्हणजे शिश्निका, आणि योनिद्वार यांतले अंतर सुमारे अडीच सेंटिमीटरहून जास्त असेल तर संभोगात परमसुख मिळणे अवघड जाते, असे तिचे प्रतिपादन होते, आणि उपाय म्हणून तिने शस्त्रक्रिया सुचवली होती. हा निबंध नुसत्या जिज्ञासेतून आलेला नव्हता. ज्या दुःखाचे कारण ती फूटपट्टीने शोधत होती ते तिचे स्वतःचे होते. व्हिएन्नाचा शल्यविशारद योझेफ हाल्बान याच्याकडून १९२७ मध्ये तिने स्वतःवर ती शस्त्रक्रिया करवून घेतली, पुढच्या काही वर्षांत आणखी दोनदा करवली, आणि तिन्ही वेळा पदरी काही पडले नाही. याच सुमारास पॅरिसच्या कलाजगतात तिच्या नावाची आणखी एका कारणाने कुजबुज होती. शिल्पकार ब्रांकूसीचे ‘प्रिन्सेस एक्स’ हे शिल्प १९२० मध्ये अश्लील ठरवून प्रदर्शनातून हलवले गेले, आणि त्यातली राजकन्या म्हणजे मारीच, असा बोलबाला आजही ऐकू येतो.

वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांच्या उशाशी बसून तिने फ्रॉइडची व्याख्याने वाचली. ती वाचण्याची शिफारस गर्दीच्या मानसशास्त्रावर लिहिणारा तिचा वडीलधारा मित्र गुस्ताव्ह ल बाँ याची होती. रोलाँ एप्रिल १९२४ मध्ये वारला, आणि त्याच्या सामानाची आवराआवर करताना त्या पाच वह्या सापडल्या. आपण लिहिलेले आपल्यालाच कळत नाही हा अनुभव तिला अस्वस्थ करून गेला. पॅरिसमधला विश्लेषक रने लाफोर्ग याने फ्रॉइडकडे शब्द टाकला आणि सप्टेंबर १९२५ च्या अखेरीस, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ती व्हिएन्नातल्या बेर्गगास १९ या पत्त्यावर दाखल झाली. फ्रॉइड तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होता, जबड्याच्या कर्करोगाने जर्जर होता, आणि हौशी श्रीमंतांविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. ते मत लवकरच बदलले. वर्षातून काही आठवडे किंवा महिने व्हिएन्नात राहायचे, अशा रीतीने हे विश्लेषण १९३८ पर्यंत तुटक तुटक चालू राहिले, आणि त्यातून घडलेल्या बोलण्याची टिपणे मारी ठेवत गेली.

फ्रॉइडने वह्या वाचल्या आणि त्यातल्या प्रतिमांवरून निष्कर्ष काढला की, अगदी लहान असताना तिने मोठ्यांचा संभोग प्रत्यक्ष पाहिला असावा. अशा प्रसंगाला मनोविश्लेषणात आद्य दृश्य म्हणतात. मारीला हे पटेना. तिने परत येऊन वडिलांच्या पदरी असलेल्या पास्काल या म्हाताऱ्या मोतद्दाराला खोदून खोदून विचारले, आणि तिच्या दाईशी आपला संबंध होता व तो तान्ह्या मुलीच्या देखत घडत असे, हे त्याने अखेर कबूल केले. कबुली बऱ्याच पाठपुराव्यानंतर मिळालेली असल्याने तिला किती वजन द्यायचे हा प्रश्न राहतोच, पण मारीपुरता निकाल लागला होता, कारण विसरलेल्या कागदाने जिवंत साक्षीदाराआधी साक्ष दिली होती. या पाच वह्या तिने पुढे आपल्या भाष्यासह खंडशः छापून प्रसिद्ध केल्या. स्त्रीला नेमके हवे असते तरी काय, या प्रश्नाचे उत्तर तीस वर्षांच्या अभ्यासानंतरही आपल्याला सापडलेले नाही, ही फ्रॉइडची सुप्रसिद्ध कबुली त्याने दिली ती मारीजवळच. ती इतक्या ठिकाणी उद्धृत होते, पण ऐकणारी कोण होती हे क्वचितच सांगितले जाते.

४ नोव्हेंबर १९२६ रोजी पॅरिसची मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांत दोनच स्त्रिया होत्या, पोलंडहून आलेली ओझेनी सोकोल्निका आणि मारी. पहिल्या महायुद्धाचे वैर ताजे असल्याने हे जर्मन भाषेतले शास्त्र फ्रान्समध्ये संशयाने पाहिले जात होते, आणि खुद्द संस्थापकांतही त्याला फ्रेंच वळण लावू पाहणारे लोक होते. बोनापार्ट हे नाव अशा वेळी ढालीसारखे उपयोगी पडले. १९२७ मध्ये संस्थेचे मुखपत्र तिच्या पैशावर निघाले, १९३४ मध्ये प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि फ्रॉइडचे अनेक ग्रंथ तिने स्वतः, काही सहकाऱ्यांबरोबर, फ्रेंचमध्ये आणले. हंगेरियन मानववंशशास्त्रज्ञ गेझा रोहाइम याच्या मध्य ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीजवळच्या बेटांवरच्या क्षेत्रअभ्यासाचा खर्चही तिनेच उचलला. या सगळ्यापेक्षा तिचे विश्लेषक म्हणून बसणे हे अधिक धाडसाचे होते. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने विश्लेषण करावे की नाही हा वाद तेव्हा पेटलेला होता. फ्रॉइडचा कौल होकारार्थी होता, पॅरिसमधल्या बहुतेक डॉक्टरांचा नकारार्थी, आणि मारी हे त्या वादातले डोळ्यांत खुपणारे उदाहरण. ती रुग्णांना आणायला आपली मोटार पाठवी, हवा चांगली असेल तर बागेतल्या आरामखुर्चीवर पहुडायला सांगे, आणि त्यांच्या मागे बसून क्रोशाचे विणकाम करत ऐके. व्यवसायाच्या मर्यादा तेव्हा सैलच होत्या. रुडॉल्फ लोवेनश्टाइन हा तिचा सहकारी, काही काळ प्रियकर आणि तिच्या मुलाचा विश्लेषकही होता, हे आजच्या कुठल्याही नियमावलीत बसणार नाही.

तिच्या लेखनातला एक धागा खुनाचा आहे. पिएरच्या नातीला तो विषय परका नव्हता. गरोदर सुनेला गोळी घालून मारणाऱ्या मादाम लफेव्र या मध्यमवर्गीय बाईला तिने तुरुंगात जाऊन भेट दिली, आणि तिच्यावरचा अभ्यास १९२७ मध्ये प्रसिद्ध केला. कायद्याने शहाणी ठरलेली ही बाई मनोरुग्ण आहे, हा त्याचा रोख होता. १९३३ मध्ये एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन लेखकावरचा तिचा मोठा ग्रंथ आला आणि फ्रॉइडने त्याला छोटी प्रस्तावना लिहिली. पो तीन वर्षांचाही नसताना त्याची नटी असलेली आई वारली; त्याच्या कथांमधल्या मरणाऱ्या, मेलेल्या आणि मरूनही परत येणाऱ्या स्त्रिया म्हणजे ती गमावलेली आई, असे मारीने कथेमागून कथा घेऊन दाखवले. प्रत्येक विहिरीत आणि भिंतीत आईच शोधणारी ही पद्धत आज एकसुरी वाटते. तरीही ज्या लेखिकेची आई बाळंतपणानंतर महिन्यात गेली तिने हा विषय उगाच निवडला नव्हता, आणि पुढे विश्लेषक जाक लाकाँ व तत्त्वज्ञ जाक देरिदा यांनी पोच्या एका कथेवर जो प्रसिद्ध वाद घातला त्याची वाट याच ग्रंथावरून जाते.

१९३६ च्या अखेरीस बर्लिनचा एक ग्रंथविक्रेता पत्रांचे एक बाड घेऊन तिच्याकडे आला. फ्रॉइडने १८८७ ते १९०४ या काळात विल्हेल्म फ्लीस या नाक-घशाच्या डॉक्टर मित्राला लिहिलेली ती पत्रे होती. स्वप्नांचा अर्थ, स्वतःचे विश्लेषण, रुग्णांनी सांगितलेल्या बालपणीच्या लैंगिक अत्याचारांवरचा विश्वास डळमळणे, म्हणजे मनोविश्लेषण जन्माला येताना त्याच्या जनकाच्या मनात जे जे चालले होते ते त्यात होते. फ्लीसच्या विधवेने ती विकताना अट घातली होती की, ती फ्रॉइडच्या हाती जाता कामा नयेत, कारण तो ती नष्ट करील. मारीने बारा हजार फ्रँक देऊन ती घेतली आणि फ्रॉइडला तसे कळवले. विधवेची भीती खरी ठरली. निम्मी किंमत आपण देतो, पण ही पत्रे पुढच्या पिढीच्या दृष्टीस पडू नयेत, असे त्याने कळवले, आणि मोर कसा रांधावा याविषयीचा एक यहुदी विनोद तिला ऐकवला. मोर आधी आठवडाभर जमिनीत पुरून ठेवायचा, मग उकरून काढायचा आणि मग फेकून द्यायचा.

मारीने मोर फेकला नाही. हवे तर शंभर वर्षे बंद राहतील अशा अटीवर एखाद्या ग्रंथालयात ठेवू, पण ज्याने माणसाच्या विचारांच्या इतिहासात एवढे बदल केले त्याच्या घडणीचा पुरावा जाळता येणार नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ती ठाम राहिली. ज्या गुरूपुढे ती बहुतेक बाबतींत नमत होती त्याला तिने दिलेला हा नकार तिच्या सगळ्या ग्रंथांहून मोलाचा आहे. पत्रे व्हिएन्नात रॉथशिल्ड बँकेच्या तिजोरीत ठेवली गेली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया ताब्यात घेतला, यहुदी मालकीची ती बँक सुरक्षित राहिली नाही, आणि मारीने ग्रीस व डेन्मार्कची राजकन्या या पदाच्या बळावर, गेस्टापोच्या माणसांदेखत, तिजोरी उघडून ते बाड बाहेर काढले. पॅरिसमध्ये ते डेन्मार्कच्या वकिलातीत ठेवले गेले आणि युद्धकाळात, जहाज बुडाले तरी तरंगत राहावे म्हणून पाणी न शिरणाऱ्या वेष्टनात गुंडाळून, सुरुंग पेरलेल्या खाडीतून इंग्लंडला पोचले. १९५० मध्ये फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना, विश्लेषक अर्न्स्ट क्रिस आणि मारी यांनी त्यांतली निवडक पत्रे प्रसिद्ध केली. निवड करताना बरेच अडचणीचे वगळले गेले होते, ही त्या संपादनाची उणीव नाकारता येत नाही. जेफ्री मॅसनने संपादित केलेली २८४ पत्रांची पूर्ण आवृत्ती निघायला १९८५ साल उजाडले.

१९३८ च्या त्याच वसंतात व्हिएन्नात आणखी एक काम चालू होते. २२ मार्चला अ‍ॅना फ्रॉइडला गेस्टापोने चौकशीसाठी नेले आणि संध्याकाळी सोडले. तोवर देश सोडायला नाखूष असलेला फ्रॉइड त्यानंतर तयार झाला. मारी व्हिएन्नात येऊन राहिली होती. नाझींच्या टोळ्या आल्या तर त्यांना आधी राजकन्येला ओलांडावे लागेल अशा बेताने ती फरचा कोट घालून फ्रॉइडच्या जिन्यात बसून राही, अशी आठवण त्या घरातल्या मोलकरणीने सांगून ठेवली आहे. देश सोडणाऱ्यांकडून नाझी जबर कर वसूल करत. फ्रॉइडची खाती गोठलेली असल्याने ती रक्कम मारीने भरली आणि पुढे त्याने ती फेडली. फ्रॉइडची आवडती अथीनादेवीची छोटी कांस्यमूर्ती तिने लपवून फ्रान्सला नेली, त्याचे सोने ग्रीक वकिलातीच्या टपालातून बाहेर पाठवले, आणि सामान आवरताना त्याने फेकायला काढलेले काही कागदही वाचवले. ४ जूनला फ्रॉइड कुटुंब ओरिएंट एक्स्प्रेसने निघाले, दुसऱ्या दिवशी मारीच्या पॅरिसच्या घरी बागेत विसावले आणि रात्री इंग्लंडकडे रवाना झाले. त्या दिवसाचे तिने आपल्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रीकरण उपलब्ध आहे. सगळेच वाचले नाहीत. फ्रॉइडच्या चार वृद्ध बहिणी व्हिएन्नात राहिल्या, त्यांना फ्रान्समध्ये आणण्याची मारीची धडपड फळाला आली नाही, आणि चौघी नाझी छावण्यांत मेल्या.

व्हिएन्नातल्या त्या अखेरच्या काळात फ्रॉइड बापलेकींनी एक हलके काम हाती घेतले होते. ओठावरच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेऊन बऱ्या झालेल्या आपल्या टॉप्सी या चाऊ जातीच्या कुत्रीवर मारीने १९३७ मध्ये एक पुस्तक लिहिले होते, आणि त्याच रोगाशी झुंजणारा फ्रॉइड व अ‍ॅना यांनी ते जर्मनमध्ये आणले. सप्टेंबर १९३९ मध्ये फ्रॉइड वारला. त्याची रक्षा लंडनच्या गोल्डर्स ग्रीन स्मशानगृहात ज्या प्राचीन ग्रीक कलशात ठेवली तो मारीने त्याला दिलेला होता, आणि २०१४ मध्ये चोरट्यांच्या हातून त्याला इजा झाली.

युद्धाची वर्षे मारीने ग्रीस, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिकेत काढली, आणि परतल्यावर १९५१ मध्ये स्त्रीच्या लैंगिकतेवरचा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रॉइडच्या मते मुलगी मोठी होताना सुखाचे केंद्र शिश्निकेकडून योनीकडे सरकायला हवे, आणि ते न सरकणे हे अपुऱ्या मानसिक वाढीचे लक्षण; मारीने हाच विचार जीवशास्त्राची जोड देऊन पुढे नेला आणि निष्क्रियता व वेदना सोसणे हे स्त्रीच्या प्रकृतीतच असते, असे मानले. या बाबतीत तिचा ग्रंथ टिकला नाही. सुखाचे असे दोन वेगवेगळे प्रकार शरीराला ठाऊक नसतात, हे मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांच्या प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. गंमत अशी की, फ्रॉइडच्या प्रभावाखाली जो नार्जानीचा निबंध तिने स्वतःच मागे टाकला, त्यातल्या आकड्यांची दोन अमेरिकन अभ्यासकांनी २०११ मध्ये आधुनिक संख्याशास्त्राने फेरतपासणी केली तेव्हा अंतराचा आणि सुखाचा संबंध त्यांत दिसून आला. त्या काळची मोजमापे कितपत काटेकोर होती ही शंका आहेच. पण स्त्रीच्या शरीराकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारी मारी, गुरूच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या मारीपेक्षा सत्याच्या जवळ होती, असे म्हणायला जागा आहे.

उरलेल्या वर्षांत संस्थेतले राजकारण होते. १९५३ मध्ये पॅरिसच्या संस्थेत फूट पडली तेव्हा ती लाकाँच्या विरुद्ध बाजूला होती, आणि फ्रान्सच्या पुढच्या पिढीने तिला जे अडगळीत टाकले त्याचे एक कारण हेही आहे. भारतीय वाचकाने या ठिकाणी लक्षात ठेवावे असे की, गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात स्थापन केलेली भारतीय मनोविश्लेषण संस्था १९२२ ची, म्हणजे पॅरिसच्या संस्थेहून चार वर्षांनी वडील. मारीचा मुलगा पीटर हा मानववंशशास्त्रज्ञ झाला, आणि एका स्त्रीला अनेक पती असण्याच्या चालीचा, म्हणजे बहुपतित्वाचा, अभ्यास करण्यासाठी नीलगिरीतल्या तोडा लोकांत, मलबारात आणि हिमालयाच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे हिंडला. त्याचा ग्रंथ १९६३ मध्ये, आई गेल्यानंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. सत्तरी उलटून गेलेल्या मारीने १९६० मध्ये कॅलिफोर्नियाला जाऊन कॅरिल चेसमन या कैद्याचा मृत्युदंड टळावा म्हणून खटपट केली, पण त्या वर्षीच्या मे महिन्यात त्याला विषारी वायूने देहदंड देण्यात आला. २१ सप्टेंबर १९६२ रोजी सँ-त्रोपे येथे रक्ताच्या कर्करोगाने ती वारली, आणि तिची रक्षा अथेन्सजवळच्या तातोई येथे नवऱ्याच्या थडग्याशी ठेवण्यात आली.

स्वतःच्या कागदांनाही तिने तोच नियम लावला. आपल्या रोजनिश्या, टिपणे आणि फ्रॉइडशी झालेला पत्रव्यवहार अनेक वर्षे बंद राहतील अशा अटींवर ती सार्वजनिक ग्रंथालयांच्या स्वाधीन करून गेली. फ्रॉइड आणि मारी यांची एकमेकांना लिहिलेली पत्रे रेमी आमुरू याच्या संपादनाखाली पॅरिसमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली ती २०२२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी.